पेरलं तेच मोजलं का?

पेट झाली, गाईड मिळाले, आणि आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. विषय साधारण ‘प्रदूषित जमीन सुधारताना मातीतले जिवाणू कसा प्रतिसाद देतात’ असा ठरलाय. या टप्प्यावर असलेल्या मित्रमैत्रिणींसाठी हा लेख आहे. आज एकच शोधनिबंध घेऊ आणि तो नीट, थोडा संशय धरून वाचू. संशय लेखकांच्या प्रामाणिकपणाबद्दल नाही, तर आपल्याच वाचण्याच्या सवयीबद्दल.

हा निबंध निवडायचं कारण घरचं आहे. मी कळमेश्वरचा. आमच्याकडे काळी माती, संत्र्याच्या बागा, आणि गावाला लागून एमआयडीसी. शेजारच्या सावनेर तालुक्यात खापरखेड्याचं औष्णिक वीज केंद्र, त्याच्या पलीकडे कोराडी. कोळसा जळतो, वीज राज्यभर जाते, राख इथंच राहते. आपल्या भागात तिला राखड म्हणतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखड बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत नि नदीत गेलं, तेव्हा ‘या जमिनीचं आता काय करायचं’ हा प्रश्न आमच्याकडच्या लोकांसाठी पुस्तकातला उरला नाही. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘जिवाणू खत टाका, निरीनं करून दाखवलंय.’

निरी म्हणजे नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. तिथल्या आशा जुवारकर आणि हेमलता जांभुळकर यांनी ‘एन्व्हायर्न्मेंटल मॉनिटरिंग अँड असेसमेंट’ या नियतकालिकात २००८ साली राखेच्या ढिगाचं जैविक पद्धतीनं पुनरुज्जीवन या विषयावर एक निबंध छापला. जिवाणूंचा मुद्दा निघाला की आपल्याकडे दाखला दिला जातो तो याच कामाचा. म्हणून आज तोच घेऊ.

निबंध म्हणतो काय?

राखेच्या ढिगाचं १० हेक्टर क्षेत्र घेतलं. त्यात हेक्टरी ५० टन शेणखत घातलं. झाडं निवडली. त्यांच्यासोबत नत्र स्थिर करणारे ब्रॅडीरायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू दिले, आणि व्हॅम म्हणजे मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी दिली. मग मोजमाप केलं.

राखेची पाणी धरून ठेवायची क्षमता ४० टक्क्यांवरून ६२.४२ टक्क्यांवर गेली. सच्छिद्रता ५६.७८ वरून ५८.४५ टक्के झाली. नत्र ४.५ पट वाढलं, ते नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंमुळे. फॉस्फेट १० पट वाढलं, ते व्हॅममुळे. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर आणि व्हॅमचे बीजाणू राखेत आधी जवळपास नव्हतेच. ते अनुक्रमे ग्रॅमला ७.१ कोटी, ग्रॅमला ९.२ कोटी आणि १० ग्रॅमला ३५ इतके झाले. कॅडमियम २५ टक्के, तांबं ४६, निकेल ४८ आणि शिसं ४७ टक्क्यांनी कमी झालं, कारण वाढलेल्या सेंद्रिय पदार्थानं या धातूंना बांधून ठेवलं. आणि मानवेल बांबूच्या मुळांची वाढ कंट्रोलच्या १५ पट झाली.

वाचल्यावर पहिली प्रतिक्रिया ‘वा!’ अशीच होते. माझीही झाली होती. एवढी, की माझ्या सिनॉप्सिसचा पहिला मसुदा म्हणजे या निबंधाची धाकटी आवृत्ती होता: कुंड्या, राख, शेणखत, दोन जिवाणू खतं, तीन महिन्यांनी पेट्री डिशवर मोजणी. एका संध्याकाळी ओट्यावर बसून शेजारच्या काकांना ते समजावून सांगत होतो. त्यांची बाग आहे, शिक्षण दहावी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे पेरलं तेच मोजून रायला का तू? उगवलं का नाही ते पाह्य ना.”

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या महिन्यात समितीसमोर बसलो, तर एका परीक्षकांनी हाच प्रश्न इंग्रजीत विचारला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मसुदा परत आला. तेव्हा हा निबंध मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. पुढचं सगळं त्या दुसऱ्या वाचनातलं आहे.

आधी त्याच्या बाजूनं

टीका करायची म्हणजे चुका वेचायच्या, असं नसतं. आधी कामाचं वजन पाहायचं. आपल्यापैकी बहुतेकांचे प्रयोग कुंडीत होतात, आणि कुंडी सावलीत असते. इथं १० हेक्टर उघड्या राखेवर, विदर्भाच्या उन्हात झाडं जगवली आहेत. त्याच दोघींचा २००९ चा एक निबंध ‘इकोटॉक्सिकॉलॉजी अँड एन्व्हायर्न्मेंटल सेफ्टी’मध्ये आहे. तो खापरखेड्याच्या १० हेक्टर राखेवरचा. त्यात तीन वर्षांनी लागवडीनं जवळपास सगळा ढीग झाकला गेल्याचं नोंदवलंय. राख उडणं थांबवायला याहून मोठी गोष्ट नाही. उन्हाळ्यात या भागात कुणी राहिलं असेल, तर त्याला वेगळं सांगायला नको. शिवाय वापरलेला माल स्थानिक आणि स्वस्त: शेणखत, झाडं, जिवाणू खत. ग्रामपंचायतीलाही झेपेल असा.

तेव्हा ‘राखेवर झाडं उभी राहतात का?’ हा प्रश्न असेल तर निबंध उत्तर देतो आणि ते उत्तर भक्कम आहे. पण आपला प्रश्न वेगळा आहे. जिवाणूंनी काय केलं? इथं येऊन आपल्याला थांबावं लागतं.

पहिला प्रश्न: प्रतिसाद कुणाचा?

‘प्रतिसाद’ हा शब्द वापरायचा तर आधी कुणीतरी तिथं हजर असावं लागतं. बॉयलरमधून हजार अंशांहून जास्त तापमानातून बाहेर पडलेली ताजी राख निर्जंतुकच असते. तिच्यात रायझोबियम नव्हते हे निरीक्षण खरं आहे, पण त्यात नवल नाही. मग आपण बाहेरून कोट्यवधी जिवाणू आणले, सोबत त्यांचा डबा म्हणून शेणखत आणलं, आणि काही काळानं मोजले, तर ते सापडणारच. हा आकडा ‘टाकलेले जिवाणू टिकले’ एवढंच सांगू शकतो. तेही महत्त्वाचं आहे, कारण पुष्कळदा टाकलेले टिकत नाहीत. पण याला ‘जमीन सुधारल्यावर जिवाणूंनी दिलेला प्रतिसाद’ म्हणता येत नाही.

त्यातही एक गुंता आहे. शेणखत स्वतः जिवाणूंनी भरलेलं असतं. वारा माती आणतो, पाऊस आणतो, रोपाच्या मुळाशी पिशवीतली नर्सरीची माती येते. काहीही न करता सोडलेल्या राखेवरही काही वर्षांत कास गवत येतं, पाणथळ कडेला पाणकणीस येतं आणि त्यांच्या मुळांशी जिवाणूंची वस्ती होते. म्हणजे वाढलेल्या संख्येचे दावेदार निदान चार: दिलेलं जिवाणू खत, शेणखत, रोपाची माती, आणि नुसता गेलेला काळ. यातला आपला कोणता, हे ओळखायचं असेल तर दिलेल्या वाणाला खूण हवी. ही खूण फार महागडी नसते. ठरावीक अँटिबायोटिकला न दबणारा वाण निवडायचा आणि मोजताना त्याच अँटिबायोटिकच्या माध्यमावर मोजायचं, ही जुनी युक्ती आहे. आज ठरावीक जनुकावरून पीसीआरनं ओळखता येतं. खूण नसेल तर काकांचा प्रश्न तसाच उरतो, आणि त्यात भर पडते: पेरलं तेच मोजलं, की शेजारच्याचं?

दुसरा प्रश्न: मोजलं कसं?

आता आकड्याकडे या. ॲझोटोबॅक्टर ग्रॅमला ९.२ कोटी. हा आकडा वाचून थबकायला हवं. मी पहिल्यांदा थबकलो नव्हतो, कारण मला तुलनेचा आकडा माहीत नव्हता. भारतीय शेतजमिनीत ॲझोटोबॅक्टर सहसा ग्रॅमला दहा हजार ते लाखाच्या वर जात नाही, हे कृषी सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतं. कारणही तिथंच असतं: आपल्या मातीत सेंद्रिय पदार्थ कमी आणि शत्रू जिवाणू जास्त. चांगल्या शेतात एक ग्रॅम मातीतून प्लेटवर वाढणारे सगळ्या जातींचे जिवाणू मिळून काही लाख ते काही कोटी भरतात. मग राखेत एकट्या ॲझोटोबॅक्टरचे ९ कोटी कसे?

शक्यता दोन. एक, नमुना मुळांना चिकटलेल्या राखेतला असेल. मुळालगत संख्या नेहमीच फुगलेली असते. दोन, माध्यमावर वाढलेलं सगळंच ॲझोटोबॅक्टर म्हणून मोजलं गेलं असेल. ज्यांनी प्रयोगशाळेत ॲशबीचं नत्रविरहित आगर ओतलंय, त्यांना हे माहीत आहे. ‘नत्रविरहित’ लिहिलं असलं तरी आगरमध्येच किंचित नत्र असतं आणि त्यावर भागवणारे कितीतरी जिवाणू त्या प्लेटवर निवांत वाढतात. रायझोबियमचंही तेच. काँगो रेड घातलेल्या यीस्ट-मॅनिटॉल आगरवर पांढरट, चिकट वसाहत दिसली की आपण ‘रायझोबियम’ लिहून मोकळे होतो, पण तशा दिसणाऱ्या इतर जाती भरपूर आहेत. मातीतले रायझोबियम मोजायची विश्वासाची रीत जुनी आणि किचकट आहे: मातीची क्रमाक्रमानं पातळ केलेली द्रावणं निर्जंतुक वाढवलेल्या द्विदल रोपांना द्यायची आणि कुठल्या पातळीपर्यंत मुळांवर गाठी येतात ते पाहून संख्या काढायची. गाठ आली म्हणजे रायझोबियम आहे. प्लेटवरची वसाहत ही फक्त अर्जदार, नेमणूक गाठीनं ठरते.

प्लेटवरच्या मोजणीची मोठी मर्यादा तर सगळ्यांनाच पाठ असते. सूक्ष्मदर्शकाखाली जेवढे जिवाणू दिसतात, त्यांतले साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी प्लेटवर वाढतात. जेम्स स्टेली आणि ॲलन कोनोप्का यांनी १९८५ मध्ये या तफावतीवर लिहिलं आणि तेव्हापासून ती विसंगती म्हणून पाठ्यपुस्तकात आली. आपण ती नेट परीक्षेत लिहितो आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत विसरतो.

इथं एक सावधगिरी. ‘मग आपण १६एस जनुकाचं सिक्वेन्सिंग करू, प्रश्नच मिटला’ असं वाटेल. मिटत नाही. मेलेल्या जिवाणूंचा डीएनए मातीच्या कणांना चिकटून बराच काळ टिकतो. पॉल कॅरिनी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वेगवेगळ्या मातींमध्ये हे तपासलं, तेव्हा जिवाणूंच्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के असा ‘उरलेला’ निघाला. म्हणजे महागड्या यंत्रातूनही आपण कधीकधी स्मशानाची जनगणना करत असतो. साधन नवं असलं म्हणून प्रश्न नीट विचारायची जबाबदारी सुटत नाही.

तिसरा प्रश्न: श्रेय कुणाचं?

निबंधाचं म्हणणं, नत्र ४.५ पट वाढलं ते जिवाणूंमुळे आणि फॉस्फेट १० पट वाढलं ते व्हॅममुळे. वही घ्या, साधा हिशेब करू.

शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असतं. हेक्टरी ५० टन शेणखत म्हणजे २५० किलो नत्र. ॲझोटोबॅक्टरच्या नावावर पाठ्यपुस्तकं वर्षाला हेक्टरी २० ते ४० किलो नत्र लिहितात, आणि तेही उदार मनानं. फॉस्फरसचं तर आणखी सरळ आहे. शेणखतात तो पी-टू-ओ-फाइव्हच्या हिशेबानं ०.२ टक्के धरला, तरी १०० किलो झाला. मायकोरायझा बुरशी फॉस्फरस तयार करत नाही, करूच शकत नाही. ती दूरचा, अडकलेला फॉस्फरस मुळापर्यंत आणून पोचवते. म्हणजे हमाली ती करते, माल शेणखताचा असतो.

शिवाय ‘पट’ या शब्दापासून सावध राहा. राखेत नत्र आणि फॉस्फरस नावापुरतेच असतात. ज्याच्या खिशात दहा रुपये आहेत त्याला शंभर मिळाले तर तोही दहापट श्रीमंत होतो. पट सांगितली की मूळ आकडाही विचारायचा.

बांबूचं उदाहरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. मानवेल हे गवताच्या कुळातलं झाड. त्याच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी येत नाहीत. मग त्याची मुळं १५ पट वाढली, यात ब्रॅडीरायझोबियमचा वाटा कोणता? काही रायझोबियम गाठीशिवायही मुळाजवळ राहून वाढीला थोडा हातभार लावतात, हे खरं. पण नुसत्या राखेतली रोपं एका बाजूला आणि शेणखत, जिवाणू, व्हॅम सगळं मिळालेली रोपं दुसऱ्या बाजूला, अशी तुलना करून त्यातून जिवाणूंचा वाटा वेगळा निघत नाही.

तो काढायची रीत कृषी महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही येते. चार प्रकारचे वाफे करायचे: नुसती राख, राख आणि शेणखत, राख आणि जिवाणू, राख आणि दोन्ही. प्रत्येकाचे निदान तीन-चार रेप्लिकेट, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या. आणि आणखी एक वाफा, जो विद्यार्थी हमखास विसरतात: राख, शेणखत आणि उकळून मारलेलं जिवाणू खत. कारण जिवाणू खताच्या पाकिटात जिवाणूंसोबत वाहक पदार्थ आणि अन्नही असतं. मेलेल्या खतानंही तेवढाच फरक पडला, तर श्रेय जिवंत जिवाणूंचं नाही. या सगळ्याला यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही. फक्त आराखडा काढताना एक दिवस जास्त बसावं लागतं. म्हणून ‘२००८ साली तंत्रज्ञान कुठं होतं’ हा बचाव इथं चालत नाही.

चौथा प्रश्न: धातू गेले कुठं?

कॅडमियम, तांबं, निकेल, शिसं ही मूलद्रव्यं आहेत. तेलाचे रेणू जिवाणू खाऊन संपवू शकतात, शिसं खाऊन संपवणारा जिवाणू नाही. मग ‘४७ टक्क्यांनी कमी’ याचा अर्थ काय?

मला आधी वाटलं होतं, शेणखत मिसळल्यानं राख नुसती पातळ झाली असेल. हिशेब केला आणि माझी शंका चुकीची निघाली. एक हेक्टरचा वरचा १५ सेंटिमीटर थर म्हणजे १५०० घनमीटर, राखेची घनता एक धरली तर १५०० टन. त्यात ५० टन शेणखत म्हणजे जेमतेम ३ टक्के. सगळीकडे सारखं पसरलं असेल तर पातळ होऊन ३ टक्के घट होईल, ४७ नाही. म्हणजे सेंद्रिय पदार्थानं धातू बांधून ठेवले हे लेखकांचं स्पष्टीकरण जास्त पटण्यासारखं आहे. पण हाच हिशेब वेगळा प्रश्न उभा करतो. शेणखत पसरलं की खड्ड्यात भरलं? दोन-दोन मीटरवर खड्डे घेतले तर हेक्टरी २५०० खड्डे होतात आणि प्रत्येकी २० किलो शेणखत येतं. साठ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात साधारण २१६ किलो राख मावते. म्हणजे खड्ड्यात शेणखत ९ टक्के आणि दोन खड्ड्यांच्या मध्ये शून्य. नमुना कुठून घेतला यावर निकाल उलटसुलट होऊ शकतो. कुठलाही निबंध वाचताना ‘नमुना कुठून?’ हे आधी शोधा, निष्कर्ष नंतर.

आणि बांधून ठेवलेला धातू हा जामिनावर सुटलेला धातू आहे. सेंद्रिय पदार्थ टिकेल तोवर तो शांत. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात शेणखत किती वर्षं टिकतं, ते शेतकऱ्याला विचारा. झाडांची पानगळ नवा सेंद्रिय पदार्थ देत राहिली तर व्यवस्था चालू राहील. पण हे तपासायला एकदाची मोजणी पुरत नाही, पहिल्या, तिसऱ्या, दहाव्या वर्षाची मोजणी लागते.

इथं त्याच दोघींचे दोन निबंध शेजारी ठेवून वाचा. २००८ चा म्हणतो की धातू बांधले गेले. २००९ चा म्हणतो की काशीदाचं झाड इतर झाडांपेक्षा जास्त धातू साठवतं, तेव्हा ते ‘हायपर-ॲक्युम्युलेटर’ म्हणून वापरता येईल. दोन्ही निरीक्षणं खरी असू शकतात, पण त्यांतून निघणारे उपाय उलट्या दिशेचे आहेत. धातू जागेवर थांबवायचे असतील तर झाडानं ते पानात आणू नयेत, कारण पानं शेळ्या खातात, गळतात, जळण होतात. उपसून काढायचे असतील तर झाड कापून ते जाळण-पुरण्याची सोय हवी. शिवाय ‘हायपर-ॲक्युम्युलेटर’ला ठरलेली वेस आहे. निकेलसाठी सुक्या पानात किलोला १००० मिलिग्रॅम, कॅडमियमसाठी १००. ‘शेजाऱ्यापेक्षा जास्त’ एवढ्यानं ती पदवी मिळत नाही.

संख्या आहे, काम आहे का?

समजा, वरचे सगळे प्रश्न सुटले. जिवाणू आपलेच, मोजणी अचूक. तरी एक प्रश्न उरतो, आणि तो मला वोबर्नच्या प्रयोगानं शिकवला.

इंग्लंडमध्ये वोबर्नला १९४२ ते १९६१ या काळात काही वाफ्यांना शहरी सांडपाण्याचा गाळ खत म्हणून देत होते. त्या गाळात सेंद्रिय पदार्थ होता, तसे जस्त, कॅडमियम, तांबंही होते. गाळ बंद झाला. सेंद्रिय पदार्थ वर्षानुवर्षं कुजत गेला, धातू राहिले. वीसेक वर्षांनी, १९८० च्या दशकात रॉथॅमस्टेडच्या स्टीव्ह मॅकग्रा, फिल ब्रूक्स, केन गिलर यांनी तिथं पांढरं क्लोव्हर लावून पाहिलं. हे आपल्या बरसीमच्या प्रजातीतलं चारापीक. स्वच्छ वाफ्यात ते जोमात, गाळाच्या वाफ्यात पिवळं. गंमत अशी, की गाळाच्या वाफ्यातही मुळांवर गाठी होत्या. रायझोबियम होते. फक्त ते नत्र स्थिर करत नव्हते. धातूंच्या माऱ्यातून टिकलेला वाण निकम्मा होता. बाहेरून चांगले रायझोबियम दिले, तर फार मोठ्या संख्येनं दिल्याशिवाय ते दोन महिनेही तग धरत नव्हते.

आता विचार करा. कुणी या वाफ्यात जाऊन नुसती मोजणी केली असती, तर ‘रायझोबियम आढळले’ असं लिहून परत आला असता. जमीन सुधारली असं ठरलं असतं. पीक मात्र पिवळंच.

म्हणून जिवाणूंचा प्रतिसाद म्हणजे संख्या, एवढ्यावर थांबू नका. गाठ कापून पाहा, आत लालसर रंग आहे का. काम करणाऱ्या गाठीत लेगहिमोग्लोबिन असतं. हा तपास ब्लेडनं होतो. मातीचा श्वास मोजा, म्हणजे किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो ते. डिहायड्रोजनेज या विकराची क्रिया मोजा. आणि हान्स ब्लांक यांनी १९८८ मध्ये मांडलेली एक सुंदर कल्पना वाचा: प्रदूषणात राहिलेला सजीवसमूह त्या विषाला सहनशील बनतो, कारण नाजूक जाती गळून गेलेल्या असतात. तेव्हा जमीन खरंच स्वच्छ झाली असेल, तर कालांतरानं तिथल्या जिवाणूंची ती जादा सहनशीलता ओसरायला हवी. म्हणजे जमिनीतलं विष कमी झालं की नाही, हे तिथल्या जिवाणूंनाच विचारता येतं. मला विचाराल तर ‘प्रतिसाद’ हा शब्द इथं शोभतो.

मग या निबंधाचं काय करायचं?

वाचायचा. दाखलाही द्यायचा. पण ज्यासाठी तो पुरावा आहे त्यासाठीच. राखेच्या ढिगावर शेणखत, योग्य झाडं आणि जिवाणू खत यांचं मिश्रण वापरून हिरवळ उभी राहते, हे त्यानं दाखवलं. त्या मिश्रणात जिवाणू खताचा वाटा किती, धातू किती काळ बांधलेले राहतात, आणि जिवाणू काम करतात का, हे प्रश्न त्यानं आपल्यासाठी उघडे ठेवले आहेत. त्याच दोघींचा २००८ चाच कोळसा खाणीच्या ढिगावरचा निबंधही वाचा. तिथं शेणखताऐवजी सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा गाळ हेक्टरी ५० टन वापरला आहे. आता वोबर्न आठवा, आणि मी वर विचारलेले प्रश्न स्वतः विचारून पाहा. गृहपाठच समजा.

हे सगळं मार्कांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. उद्या पुन्हा एखादा बंधारा फुटेल आणि एखाद्या शेतकऱ्याच्या वावरात वीतभर राखड साचेल. तेव्हा त्याच्या हातात जिवाणू खताची पाकिटं ठेवून ‘जमीन सुधारेल’ असं सांगणं फार सोपं असेल. पैसे शेणखतावर घालायचे की पाकिटांवर, हे त्याला विचारावंसं वाटेल. त्या जमिनीतली पालेभाजी लेकरांना द्यायची की नाही, हेही. आजच्या घडीला त्याला ठाम उत्तर देता येईल असा चार वाफ्यांचा प्रयोग आपल्यापैकी कुणीतरी करायला हवा.

माझा सिनॉप्सिस दुसऱ्या खेपेला मंजूर झाला. त्यात आता पाच प्रकारच्या कुंड्या आहेत, उकळून मारलेल्या खताची धरून. शेजारी आमच्या कळमेश्वरच्या काळ्या मातीची एक रांग आहे, तुलनेसाठी. ती माती काकांच्या बागेतली. पोतं भरून देताना त्यांनी विचारलं, “आता तरी उगवलेलं मोजशील ना?”

मोजायला सुरुवात केली आहे.